रोजचा एक विषय, दहा मिनिटं : वावरात बसून वही कशी भरायची

आमचा कृषी केंद्रवाला दर जानेवारीत बियाण्याच्या कंपनीची डायरी देते. वरती पऱ्हाटीचं हिरवंगार झाड, अन् त्याला अशी बोंडं की आपल्या वावरात बापजन्मात लागली नाहीत. माझ्या घरी अशा सात डायऱ्या आहेत. सातही डायऱ्यांत १ जानेवारीला "आजपासून रोज लिहायचं" असं लिहिलेलं आहे, ४ तारखेला हरभऱ्याला पाणी दिल्याची नोंद आहे, तिथून पानं कोरी ती थेट जूनमध्ये बियाण्याच्या थैल्यांच्या हिशोबापर्यंत, अन् शेवटच्या पानावर एक मोबाईल नंबर ज्याच्यापुढे नावच नाही.

आठव्या वर्षी वही भरली. त्यानंतर अजून दोन भरल्या. मी काही लेखक नाही, यवतमाळ जिल्ह्यात पाच एकर कोरडवाहू अन् दोन एकर ओलीत एवढी शेती, अन् गावात एक झेरॉक्सचं दुकान, त्यात ऑनलाईन फॉर्मही भरून देतो. पण लोक विचारतात की तू रोज लिहितो कसं, सुचते कसं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकावं.

सुचत नाही, हेच खरं उत्तर आहे. मी सुचायची वाटच पाहत नाही. विषय आदल्या दिवशीच ठरलेला असते अन् वही उघडली की त्यावर दहा मिनिटं लिहायचं, बस. याला प्रॉम्प्ट म्हणतात. आजकाल प्रॉम्प्ट म्हटलं की पोट्ट्यांना एआयला काय टाईप करायचं तेच आठवते, पण इथे मामला उलटा आहे, ओळ आपल्याला द्यायची अन् उत्तरही आपणच द्यायचं. माझी माय याला विरजण म्हणते. चमचाभर दही अन् गंजभर दूध, चमचाच घातला नाही तर रात्रभर दूध झाकून ठेवून काय होणार, नासेल फक्त.

इंटरनेटवरच्या याद्या अन् आपलं गाव

सुरुवातीला मी मोबाईलवर एक ॲप टाकलं होतं, रोज सकाळी विषय येई. पहिल्या दिवशी आला "पहिला बर्फ पडला ती सकाळ". दुसऱ्या दिवशी "तुमच्या आवडत्या कॉफी शॉपमधला कोपरा". तिसऱ्या दिवशी समुद्रकिनारी सापडलेली बाटली. तेव्हा मे महिना, पारा ४५ च्या वर, मी कूलरसमोर बनियनवर बसून बर्फावर लिहून राहिलो होतो. लिहिलं, नाही असं नाही, पण वाचून पाहिलं तर सगळं सिनेमात पाहिलेलं. माझं त्यात काहीच नव्हतं, कूलरचा आवाजसुद्धा नव्हता.

तरी त्या याद्या फेकून देऊ नका, उलथून घ्या. बर्फाच्या विषयात खरी गोष्ट काय आहे तर ऋतू एका रात्रीत बदलला अन् रोजचं अंगण अनोळखी झालं. मग आपल्याकडे हे कधी होते? मृगाचा पहिला पाऊस येतो तेव्हा. पण "पहिला पाऊस" असा विषय घेतला की मातीचा सुगंध दरवळणारच, मग तोही अजून बारीक करायचा : आभाळ भरून आल्यावर अंगणातून सगळ्यात आधी काय उचलून आत नेलं, अन् काय विसरलं? यावर मी दोन पानं लिहिली. गोवऱ्या, मिरच्यांची चादर, वाळवणाची खाट, खताच्या थैल्यांवरची ताडपत्री, अन् विसरलो ते आबाजींचा चष्मा, जो खाटेच्या दांडीला लटकला होता अन् सकाळी गढूळ पाण्यात सापडला. कॉफी शॉपचा कोपरा म्हणजे आपला पानठेला समजा, नाहीतर एसटी स्टँडवरची तर्री-पोह्याची गाडी. बाटलीवाल्या विषयाचं मी केलं "जुन्या पेटीच्या तळाशी काय सापडलं".

विषय लहान पाहिजे हे मला फार उशिरा समजलं. शाळेत आपल्याला मोठे विषय द्यायचे, "शेतकऱ्याचे मनोगत", "माझा आवडता ऋतू", अन् मोठा विषय आला की डोकं पाठ केलेलं काढून देते, त्याला बिचाऱ्याला दुसरं काही माहीतच नाही. बळीराजा, काळी आई, जगाचा पोशिंदा. माझ्या वहीत या तीन शब्दांवर बंदी आहे. राग नाही त्यांच्यावर, पण ते एकदा आले की मागून सगळं भाषणच येते अन् वावर बाजूला राहते.

खुंटीचं उदाहरण

नुसतं सांगून कळणार नाही म्हणून माझ्याच वहीतलं दाखवतो. विषय होता "खुंटी". पहिल्या दिवशी मी घरात बसून लिहिलं : "आमच्या घरी खुंटीवर आबाजींच्या वस्तू आहेत. आबाजी खूप कष्टाळू होते. त्यांनी आम्हाला खूप काही शिकवलं." एवढं लिहून थांबलो. हे कोणाच्याही आबाजींवर चालेल, तुम्ही तुमच्या आबाजींवर चिकटवा, बसते का नाही पाहा.

दुसऱ्या दिवशी उठून कोठ्यात गेलो, बॅटरी घेऊन, अन् त्या खुंटीसमोर दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. मग हे आलं :

"कोठ्यातल्या खुंटीवर तीन वस्तू आहेत. एक कासरा, निळा, नायलॉनचा, दोन वर्षांपूर्वी बाजारातून आणलेला अन् एकदाही न वापरलेला, कारण आणल्यावर पंधरा दिवसांतच जोडी विकली. दुसरी घुंगरमाळ. बैल घेणारा म्हणे माळेसकट द्या, आबाजी म्हणे बैल ने, माळ राहू दे. एक घुंगरू फुटकं आहे, ते वाजत नाही, खरखरते. तिसरं एक काळं हेल्मेट. ते कोणाचं आहे हे घरात कोणालाच माहीत नाही."

फरक दिसते नं? दुसऱ्यात कष्टाळू हा शब्दच नाही, तरी माणूस दिसते. तेव्हा पहिला नियम हाच की वस्तूवर लिहायचं असेल तर उठून तिच्यापाशी जायचं. दूर असेल तर डोळे मिटून मोजायचं, रंग कोणता, कुठून फुटली, कोणी आणली, हात लावला की कशी लागते.

आता त्या हेल्मेटचं ऐका, कारण डायरी कुठे संपते अन् गोष्ट कुठे सुरू होते हे मला तिथेच कळलं. पुढचे तीन दिवस मी दुसरा विषयच काढला नाही, हेल्मेटवरच लिहिलं. एक माणूस रात्री पावसात आमच्या कोठ्यात थांबला, त्याची गाडी पांदणीत रुतली होती, आबाजींनी त्याला चहा दिला, सकाळी पाहतो तर माणूस नाही, गाडी नाही, हेल्मेट तेवढं राहिलं. मी खुशीत येऊन हे मायला वाचून दाखवलं. माय म्हणे, "कायचा पावसातला मानूस! तुह्या लग्नात जावई इसरून गेले ते, आठ वर्स झाले, कोनी आलंच नाही न्याले."

झाली माती गोष्टीची. पण गोष्ट मी खोडली नाही. तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे की वहीचं डावं पान खरं अन् उजवं पान खोटं. डावीकडे जे पाहिलं, ऐकलं, घडलं ते. उजवीकडे तीच वस्तू घेऊन जे वाटेल ते. जावयाचं हेल्मेट डावीकडे, पावसातला माणूस उजवीकडे. दोन्ही एकाच पानावर कालवले तर डायरीवर भरवसा राहत नाही अन् गोष्टीलाही मोकळं होता येत नाही. ज्यांना फक्त डायरी लिहायची आहे त्यांनी उजवं पान कोरं सोडलं तरी चालते, सहा महिन्यांनी त्यावर काहीतरी लिहावंसं वाटतेच.

दहा मिनिटं कशी काढायची

मोबाईलला टायमर लावा दहा मिनिटांचा. पेन उचलायचा नाही, मागे जाऊन खोडायचं नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही. अडलं तर "काही सुचत नाही, काही सुचत नाही" हेच लिहीत राहायचं, तिसऱ्या-चौथ्या ओळीला हातालाच कंटाळा येतो अन् तो दुसरं काहीतरी लिहितो. माझ्या वहीत एका पानावर सहा वेळा "सुचत नाही" आहे अन् सातव्या ओळीत अचानक "रात्री रोही आले होते, तूर तुडवली" असं आहे (रोही म्हणजे नीलगाय), म्हणजे डोक्यात तेच बसलं होतं अन् मी उगाच चुलीवर लिहायला बसलो होतो. असं झालं तर दिलेला विषय सोडून द्यायचा. विरजण दुधासाठी आहे, दूध विरजणासाठी नाही.

वेळ तुमची तुम्ही पाहा. बाया म्हणतात सकाळी जमत नाही, खरं आहे, सकाळी कोणत्या बाईला दहा मिनिटं कोणी देते? आमच्या वहिनी दुपारी शेतातून आल्यावर, भाकरी झाल्यावर, चुलीतला विस्तव विझायच्या आत लिहितात. मी रात्री लिहितो. रब्बीत आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाईन, म्हणजे मोटरीची वीज, असते, मोटर चालू करून धुऱ्यावर बसावंच लागते, रानडुकरांची जागलही होते. स्प्रिंकलरचे पाईप एकदा लावले की बदलायला दोन-तीन तास, तेवढ्यात मोबाईलवर रील पाहून डोळे फोडण्यापेक्षा हे बरं. थंडीत बोटं आखडतात, तेवढं सांभाळा.

वही की मोबाईल? माझं मत वही. साधी दोनशे पानी, तारखा न छापलेली. ती कंपनीची डायरी मुद्दाम नको, कारण तिच्यात तारीख छापलेली असते अन् चार दिवस सुटले की ती चार कोरी पानं रोज तोंड दाखवतात, मग माणूस पाचव्या दिवशी उघडतच नाही. ज्यांना लिहायचा सराव नाही त्यांनी मोबाईलच्या कीबोर्डवरचा माईक दाबून बोललं तरी चालते, आमच्या मोठ्या माय अशाच बोलतात, फक्त नंतर एकदा वाचून घ्या. आपली बोली त्या माईकला सगळी पचत नाही. माझ्या "पऱ्हाटी उपटली"चं त्यानं "पराठे उलटले" केलं होतं.

भाषेचं विचारलं म्हणून सांगतो, कारण हे लय जण विचारतात की वऱ्हाडीत लिहू का पुस्तकातल्यासारखं. माणूस बोलला तसाच लिहा. माय "मले" म्हणते तर "मला" करू नका, तिचं अर्धं बोलणं तिथेच मरते. बाकी मधलं तुमचं जसं येते तसं येऊ द्या, माझं तर मिसळलेलंच आहे, एका ओळीत "नाही" अन् दुसरीत "नाई".

विषय आणायचे कुठून

माझ्याकडे बिस्किटांची रिकामी बरणी आहे, तिच्यात चिठ्ठ्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी बसून तीस चिठ्ठ्या लिहायच्या, एका चिठ्ठीवर एकच वस्तू नाहीतर एकच प्रश्न, घडी करून टाकायच्या. चिठ्ठी काढायची ती आदल्या दिवशी, लिहायच्या वेळी नाही. हे महत्त्वाचं आहे. आज रात्री "कुलूप" निघालं की उद्या दिवसभर आपल्याला गावातली कुलपं दिसतात, ग्रामपंचायतीचं, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचं, देवळाच्या दानपेटीचं, अन् संध्याकाळपर्यंत आपोआप काहीतरी जमून येते. रात्रभर मुरू द्यायचं म्हणजे झालं.

चिठ्ठ्यांसाठी आपल्याकडे काही कमी नाही. कूलरची जुनी ताटी. लोणच्याची बरणी कोणाच्या हातून फुटली? कापूस वेचताना कमरेला बांधलेल्या फडक्यात बोंडाशिवाय काय काय सापडलं? पांदणीत रुतलेली गाडी काढायला कोण आलं अन् कोण पाहून न पाहिल्यासारखं निघून गेलं? वावरातल्या रोडग्याच्या सैपाकाला मीठ कोण विसरलं? दुबार पेरणीला बियाणं उधार मागायला गेलो तेव्हा त्या दुकानात भिंतीवर काय टांगलेलं होतं? लग्नात आलेला सगळ्यात बिनकामाचा आहेर. घरातला असा शब्द जो शाळेत गेल्यावर कळला की सगळे वापरत नाहीत (आमच्या पोट्टीने मॅडमला "सांबार" म्हणजे कोथिंबीर हे समजावून सांगितलं, त्यावरच एक पान झालं).

दुसरं म्हणजे पंचांग. पावसाची नक्षत्रं एकेक साधारण तेरा-चौदा दिवस चालतात, मृग ७-८ जूनला लागते, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असं करत हस्त, चित्रा, स्वातीपर्यंत. पंचांगात प्रत्येकाचं वाहन दिलेलं असते, बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, कोल्हा, गाढव, मेंढा, उंदीर, घोडा, अन् ते दरवर्षी बदलते. म्हातारी माणसं वाहनावरून पाऊस सांगतात, तो पडो न पडो, लिहिणाऱ्याला मात्र आयता मालमसाला. नक्षत्र बदललं की मी उजव्या पानावर त्या वाहनाला गावात आणतो. मागे एकदा गाढव होतं, ते आमच्या गावात आलं अन् पावसाचा पत्ता विचारत घरोघरी फिरलं, प्रत्येकाने त्याला शेजारच्या गावाकडे बोट दाखवलं. डाव्या पानावर त्या चौदा दिवसांत खरंच किती पाऊस झाला ते. आता तीन वर्षांचं साठलं आहे, कधी कधी पेरणीच्या वेळी तेच पान काढून पाहतो.

तिसरा मार्ग चार-पाच जणांचा. आमचा एक छोटा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मी, जिल्हा परिषद शाळेतले एक सर, वहिनी, एक भाचा जो पुण्यात कंपनीत आहे, अन् बचत गटातल्या एक ताई. प्रत्येकाचा वार ठरलेला, त्याने त्या दिवशी विषय द्यायचा. स्वतःला दिलेला विषय आपण सोपा देतो, दुसऱ्याचा टोचते, म्हणून याचा फायदा. नियम दोनच ठेवा, फॉरवर्ड टाकायचे नाहीत अन् कोणी लिहिलेलं टाकलं तर नुसता अंगठा दाखवायचा नाही, त्यातली कोणती ओळ डोक्यात राहिली ते सांगायचं. भाच्याने एकदा "लिफ्ट" विषय दिला. गावात लिफ्ट कुठून आणता? वहिनींनी विहिरीवरच्या रहाटावर लिहिलं. त्या दिवशीचं सगळ्यात भारी तेच होतं.

पोळ्याच्या झडत्या

कविता जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी आपल्याकडे तयार साचा आहे अन् आपण तो वर्षातून एकाच दिवशी वापरतो. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असताना झडत्या म्हणतात, यमक जुळलं पाहिजे, टोमणा बसला पाहिजे, अन् शेवटी ठरलेलं, एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव. ज्या दिवशी डोकं तापलेलं असते, कापसाच्या भावावरून, लाईनवरून, कोणावरून, त्या दिवशी मी गद्य लिहीतच नाही, चार ओळींची झडती लिहितो. ही माझी :

आभायात ढग नाही, मोटरले लाईन नाही,
कापूस आला घरात तं भावाचा पत्ता नाही,
पोट्टं म्हने मोबाईल पायजे, बुढी म्हने दात,
बैल म्हने मालक, आदी पाठीवर फिरव हात,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

तोरणाखाली म्हणायची हिंमत नाही झाली अजून. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांद शेकतात अन् त्याला म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या". हे एकच वाक्य घ्या अन् बैलाने त्यावर काय उत्तर दिलं ते लिहा. अन् ज्यांनी बैल विकले त्यांनी हे वाक्य आता ते कोणाला म्हणतात ते लिहावं. ट्रॅक्टरला हार घालणारे मी पाहिले आहेत.

म्हाताऱ्या माणसाला विचारायची रीत

नुसतं "जुन्या गोष्टी सांग" म्हटलं की माय म्हणते "काय सांगू बाप्पा, गेले दिवस". इथे मला रिद्धपूरची आठवण होते. आपल्या अमरावती जिल्ह्यातलं हे गाव, तिथे १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं, मराठीतला आद्य गद्य ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतात. ते कसं केलं? ज्यांनी पाहिलं, ऐकलं त्यांच्याकडे जाऊन विचारून, एकेक छोटा प्रसंग, कुठे घडला, कोण होतं, काय बोलणं झालं. मोठं तत्त्वज्ञान त्यात आहेच, पण ते अशा बारक्या प्रसंगांतून येते. मी तेच तीन प्रश्न उचलले. कुठं? कोण होतं? काय बोललं?

विषय होता चूल. मायला विचारलं, गॅस आला तेव्हा पहिला चहा केला तेव्हा घरात कोण होतं? "कोनी नोतं, म्हनून तं केला. त्या निया जायाचं भेव वाटे मले. दोन काड्या इझून गेल्या, तिसरीले पेटला. मंग चा घेऊन चुलीपाशीच जाऊन बसली." एवढं बोलली अन् भाजी निवडायला लागली. मी त्यात एक शब्द घातला नाही, तसंच उतरवून घेतलं.

जड विषय

आपल्या भागात राहून लिहायचं अन् जड विषय यायचेच नाहीत असं होत नाही. कर्ज, दवाखाना, गेलेला माणूस. यावर लिहावं की नाही? १९८६ मध्ये अमेरिकेत जेम्स पेनेबेकर अन् सँड्रा बील यांनी कॉलेजच्या पोरांकडून सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं लिहून घेतलं होतं. काहींना साधे विषय, काहींना मनाला लागलेले प्रसंग, त्यातही काहींनी फक्त घटना लिहायची, काहींनी फक्त मनातलं, अन् काहींनी दोन्ही. घटना अन् मनातलं दोन्ही लिहिणाऱ्यांचं मन लिहिल्या लिहिल्या जड झालं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. तेव्हा लिहून थोडं रडू आलं तर घाबरू नका, पण रोज रोज तोच विषय उकरत बसू नका, चार दिवस लिहा अन् मग चिठ्ठी बदला, वांग्यावर लिहा. लिहूनही अंधारच वाटत असेल, झोप लागत नसेल, जिवाचं काही बरंवाईट डोक्यात येत असेल तर वही मिटून माणसाशी बोला, घरात नाही जमत तर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. हे काम वहीवर टाकू नका.

अन् वही कुठे ठेवता ते पाहा. माझी एकदा दुकानात काउंटरवर राहिली. कोणीतरी उचलली अन् पानठेल्यावर मोठ्याने वाचली. त्यात मी गावातल्या एका काकांच्या मिशीवर अन् उधारीवर दीड पान लिहिलं होतं, नाव लिहिलं नव्हतं, पण ती मिशी गावात एकच आहे. काका दोन महिने माझ्या दुकानात झेरॉक्सला आले नाहीत, चार किलोमीटर चालत दुसऱ्या गावाला गेले. तेव्हापासून मी नाव तर बदलतोच, मिशीपण बदलतो. फारच खासगी असेल तर लिहून त्याच दिवशी चुलीत टाकतो, लिहिण्याचं काम तोपर्यंत झालेलं असते.

पेरणीचे दिवस, वेचणी, घरात लग्न, अशा वेळी दिवस सुटणारच. सुटलेले दिवस भरून काढायला बसू नका, तो नुसता पाटीवरचा गृहपाठ होते. त्या काळात मी एक ओळ लिहितो, खरंच एकच. "आज तिफन मोडली." "आज मजूर आले नाहीत, आम्ही तिघंच." पुढे निवांत असताना ही एकेक ओळच चिठ्ठी म्हणून बरणीत टाकायची. दोन-तीन महिन्यांनी जुनं वाचून ज्या पानावर बोट थांबते त्याच्या कोपऱ्याला घडी घाला. कोणाला गोष्ट पाठवायची असेल, दिवाळी अंकाला वगैरे, तर अशा घडीच्या पानांतूनच काढा, नव्याने बसून "आता गोष्ट लिहितो" म्हटलं की पुन्हा बळीराजा येतो.

माय आधी म्हणायची, "काय लिवून रायला रे रोज रोज, डोये जातीन." परवा तिने स्वतःहून विषय दिला. "माह्या मायच्या घराच्या दारावर लिव." मी म्हटलं ते दार मी पाहिलंच नाही, ते घर माझ्या जन्माआधीच पडलं. "मले माईत हाय नं. मी सांगतो, तू लिव." मग बसली अन् सांगितलं, सागाची चौकट, खाली उंबऱ्याला घासून घासून पडलेला खोलगा, कडी इतकी वर की ती लहान असताना पाटावर चढून काढायची, अन् दाराला एक भेग ज्यातून बाहेर कोण आलं ते दिसायचं. सगळं उतरवून झाल्यावर मी अडलो. न पाहिलेलं दार डाव्या पानावर घ्यायचं की उजव्या? मायलाच विचारलं. ती म्हणे, "डावं-उजवं काय अस्ते, दार हाय ते, मधात लाव."